त्या तक्त्यावर सह्या कोणी केल्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वृद्धाश्रमांवरचा लेख काल दोनदा वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे, याबद्दल शंका नाही. पण लेखभर त्यांनी मुलांनाच झोडपले आहे. संस्कार कमी पडले, फ्लॅटमध्ये आईला जागा नाही, मुलगा लंडनला आणि बाप आश्रमात. आत गेलेल्या माणसाला पाणी कोण पाजते, कूस कोण बदलते, रात्री दोन वाजता ओले झालेले अंथरूण कोण बघते, यावर एक ओळही नाही.

आईला आश्रमात ठेवणाऱ्या मुलींपैकी मी एक. आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ती एक्क्याऐंशी वर्षांची होती. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्याच वर्षी यजमानांचे डायलिसिस सुरू झाले होते, आठवड्यातून तीनदा. माझी शाळेतली नोकरी, भाऊ आखातात. घरी बाई ठेवून पाहिली. पहिली दीड महिना टिकली, दुसरी चवथीला गावी गेली ती परत आलीच नाही. आईला एकटीने उचलताना माझी कंबर धरली तेव्हा मी आश्रमांना फोन फिरवायला लागले. यात संस्कार कुठे कमी पडले, ते लेखकाने मला सांगावे.

महिना अठ्ठावीस हजार, डायपर आणि औषधे वेगळी, डिपॉझिट वेगळे. जागा स्वच्छ होती. दारात तुळस, व्हरांड्यात खुर्च्या, भिंतीवर देवांच्या तसबिरी. व्यवस्थापिका मॅडमनी आईच्या पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता दाखवला. दर दोन तासांनी कूस बदलायची, कुठल्या कुशीवर ठेवले ते लिहायचे आणि सही करायची. उजवी, पाठ, डावी. तो तक्ता पाहून मी निर्धास्त झाले. घरी आम्हाला हे कधी इतके नेमाने जमले नव्हते.

भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. आम्ही पोचायच्या आधी आईचे केस विंचरलेले असत, अंगावर धुतलेला गाऊन, गुडघ्यापर्यंत चादर. ती माझ्याकडे बघून रडायची. मी समजायचे, घरची आठवण येते. चादर उचलून बघावी असे सात महिन्यांत मला एकदाही सुचले नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो.

मग एका मंगळवारी तिला तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यायचे होते. सकाळी साडेसातला निघालो. ओपीडीत डायपर बदलताना तिथल्या नर्सने मला जवळ बोलावले. माकडहाडावर माझा अंगठा आत जाईल एवढी जखम, काठ काळे पडलेले. डाव्या टाचेवर दुसरी. डॉक्टर म्हणाले, ही दोन-चार दिवसांची नाही. एकाच अंगावर तासन्‌तास पडून राहिले की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपते, तिथे रक्त पोचत नाही. आधी नुसता लाल डाग दिसतो, बोटाने दाबला तरी पांढरा होत नाही. तेव्हाच कोणी पाहिले असते तर भार काढून, कूस बदलून तो बरा झाला असता. आईला मधुमेह होता. आणि दुखते हे सांगायला तिच्याकडे वाचा नव्हती.

साडेचारला परत आलो. आईला निजवले आणि तो तक्ता हातात घेतला. त्या दिवसाचे सगळे रकाने भरलेले होते. आठ वाजता उजवी. दहा, पाठ. बारा, डावी. दोन, उजवी. चार, पाठ. प्रत्येकापुढे सही. त्या सगळ्या वेळी आई माझ्याबरोबर बांबोळीला होती.

मॅडमना विचारले. त्या आधी म्हणाल्या, चुकून दुसऱ्या पेशंटचे लिहिले गेले असेल. मग म्हणाल्या, मुली रात्रीच तक्ते भरून ठेवतात, सकाळी गडबड असते. आणि शेवटी, ‘वय झालंय त्यांचं, या वयात होतंच असं.’ रात्रपाळीची मुलगी जेमतेम विशीची, परराज्यातली. बावीस माणसांना ती एकटी. तिच्यावर माझा राग नाही. बावीस जणांची कूस दर दोन तासांनी एकटीने बदलणे शक्यच नाही, आणि हे मॅडमना आमच्याकडून डिपॉझिट घेतानाही ठाऊक होते.

आठवड्याभरात आईला घरी आणले. हवेची गादी भाड्याने घेतली, ड्रेसिंगला नर्स यायची, रात्रीचे गजर मी आणि माझ्या मुलीने वाटून घेतले. जखम भरायला पाच महिने लागले. आई गेल्या पावसाळ्यात घरीच गेली.

सगळेच आश्रम असे नाहीत, हेही लिहायला हवे. माझ्या मावससासूबाई सासष्टीत नन चालवतात त्या आश्रमात होत्या. तिथे मी वेळ न कळवता गेले आहे, कोणी अडवले नाही. दुपारची पेज चमच्याने भरवणारी सिस्टर प्रत्येक घासानंतर गिळले का ते बघत होती. आणि आश्रम हे काही आजच्या पिढीने काढलेले खूळ नाही. गोव्यातली आपली प्रोव्हेदोरिया ही सरकारी मदतसंस्था पोर्तुगीज अमदानीपासून निराधार म्हाताऱ्यांना सांभाळत आली आहे.

२०११च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचे प्रमाण गोव्यात ११.२ टक्के होते, केरळच्या खालोखाल देशात सर्वाधिक. आता ते वाढलेलेच असणार. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो, पण पैसे घेऊन सांभाळणाऱ्याने कसे सांभाळावे याबद्दल त्यात फारसे काही नाही. आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आले होते. ते मंजूर झालेच नाही. मुलांच्या कर्तव्यावर जेवढी शाई खर्च होते, तिच्यातली थोडी या विधेयकावर व्हायला हवी होती. रात्री किती माणसांमागे किती मदतनीस आहेत, हे दारावर लिहिलेले असावे. तपासणीला येणाऱ्यांनी रात्री दोनला यावे आणि चादर उचलून बघावी. घरच्यांनाही कुठल्याही वेळी आत सोडावे.

आणखी एक. लेखाबरोबर छापलेले छायाचित्र. खाटेवर निजलेली म्हातारी, तोंड उघडे, गाऊन खांद्यावरून घसरलेला, बाजूला फळांच्या करंड्या घेऊन चौघेजण कॅमेऱ्याकडे बघत उभे. तिला कोणी विचारले होते का? तिच्या घरच्यांना? ती बोलू शकत असती तर तिने आधी गाऊन सारखा करायला सांगितले असते. कोणाचा वाढदिवस असला, की अशी छायाचित्रे तुमच्याकडे येतात आणि तुम्ही ती छापता. कृपया हे थांबवा.

छापायचेच असेल तर त्या मंगळवारच्या तक्त्याचा फोटो माझ्याकडे आहे. रकाने आणि सह्या स्पष्ट दिसतात. मागितलात तर पाठवीन. वरच्या कोपऱ्यात आईचे नाव आहे, तेवढे झाकून छापा.

आपली,
एक वाचक, फोंडा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)