होनाच्या त्या लिलावाबद्दल

शहापूर, बेळगाव

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली होनाची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या नाण्याची, लिलावाची लिंक काल रात्री सावकाश उघडून बघितली. आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. बोली लावू नकोस. लिलाव रविवारी रात्री संपतोय, आणि शेवटच्या तासात आकडा वर चढायला लागला की तुझा हात राहणार नाही, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. फोनवर तू अर्धं ऐकून 'बघू की' म्हणतोस, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

पहिला फोटो मोठा करून बघ. 'श्री राजा शिव' लिहिलेली बाजू. 'राजा'मधल्या 'जा'च्या कान्याखाली एक बारीक टोचा आहे आणि उजव्या कडेला खालच्या अंगाला चिमटीभर सोनं उडालेलं आहे. आता मी सोबत जोडलेला फोटो बघ. तो गेल्या दिवाळीच्या सुमारास दुसऱ्याच नावाच्या विक्रेत्यानं टाकला होता, मी जपून ठेवला होता. तोच टोचा, तीच उडालेली कड. तू म्हणशील, नाणं तेच असेल, हातोहात फिरून परत विक्रीला आलं असेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण वजनं बघ. दिवाळीतल्या होनाचं वजन ३.१ ग्रॅम लिहिलंय, तुझ्याचं ३.४. नाणं झिजून हलकं होतं, पडून राहून जड होत नाही. आणि महाराजांचा होन मुळात पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा.

त्या काळी नाणं हातानं पाडायचे. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर धातूची चकती, वरून दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव. दर घावाला चकती थोडी इकडं तिकडं सरकायची. त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणी घेतली तर अक्षरांचं वळण जुळेल, पण चकतीचा आकार, ठसा कुठं बसला, कड कुठं चिरली, हे जुळायचं नाही. पुढं साडेतीनशे वर्षांत पडलेले ओरखडे तर नाहीच नाही. ते जुळले की समजायचं, एका नाण्याचा साचा घेऊन त्यातून ही सगळी पिल्लावळ ओतलेली आहे. म्हणून मी तुला मागंही म्हणत होतो, घ्यायचं असो वा नसो, लिलावातले फोटो साठवत जा. दहा पुस्तकं वाचून जे कळत नाही ते दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं.

सराफाला दाखवून घेऊ, असं तू लिहिलंयस. सराफ कसोटीवर घासून सांगेल की सोनं चोख आहे, आणि ते खरंही असेल. होनाचे बनावट नग खऱ्या सोन्यातही करतात, कारण दोन-तीन ग्रॅम सोनं घालून लाखांत किंमत मागता येते. सराफ धातू सांगतो. ते नाणं रायगडाच्या काळातलं की गेल्या वर्षीचं, हे सांगणं त्याचं काम नाही, आणि भले सराफ तसं सरळ सांगतातही.

'शेत नांगरताना सापडला' ही त्या विक्रेत्याची गोष्ट तर सोडूनच दे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ पासूनचा कायदा आहे. म्हणजे गोष्ट खोटी असेल तर नाणं खोटं, आणि गोष्ट खरी असेल तर विक्री बेकायदा. दोन्हीकडून आपण त्यात हात घालायचं कारण नाही.

तुला शिवराया, म्हणजे महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, जमवायच्या आहेत, त्या जरूर जमव. तांब्याच्या शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या, त्यामुळे खऱ्या शिवराया आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतात. फक्त दोन गोष्टींत नवे लोक फसतात. एक म्हणजे अक्षरं. 'शिव'च्या जागी 'सिव', 'सीव' असं दिसलं की लोक नकली म्हणून टाकून देतात. खऱ्या शिवरायांवर अशी कितीतरी वेगवेगळी रूपं आहेत, कारण ठसे कोरणारे हात वेगळे होते. दुसरी गोष्ट नेमकी उलटी. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून खऱ्या नाण्यावर कुठंतरी अक्षर कापलेलं असतं, कडेच्या टिंबांची माळ अर्धीच दिसते. पूर्ण माळ, मधोमध बसलेली ठसठशीत अक्षरं आणि वर सारखा पसरलेला हिरवा थर, असं देखणं नाणं स्वस्तात दिसलं तर थांब. कापसाला ॲसिटोन लावून पुसलं की रंगवलेला थर कापसावर उतरतो. जमिनीत मुरलेला हिरवा थर उतरत नाही. चिंच मात्र कुठल्याच नाण्याला लावू नकोस, खऱ्याचंही मातेरं होतं.

चांदीच्या रुपयांची परीक्षा घरबसल्या होते. राणीछाप असो वा पंचम जॉर्जचा, बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के. सराफाकडं असतो तसला बारीक वजनकाटा घे, त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य कर. रुपया दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला टेकू देऊ नकोस. काटा १.१३ च्या आसपास थांबला तर चांदी. जर्मन सिल्वरचा, म्हणजे चांदी नसलेल्या पण तशी दिसणाऱ्या मिश्रधातूचा, तेवढ्याच वजनाचा नग असेल तर काटा १.३५ पर्यंत जातो. रुपया झिजून हलका झाला असेल तर त्याच्या वजनाला काट्यावरच्या आकड्यानं भाग, सव्वादहाच्या थोडं वर उत्तर यायला हवं. परवा एका शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातले रुपये असे तपासून दिले. त्यांतला एक जर्मन सिल्वरचा निघाला तेव्हा म्हाताऱ्या आजीचा चेहरा बघवेना. लक्ष्मीपूजनाला चार पिढ्या त्याचं पूजन झालंय, तेव्हा तो तिथंच राहू दे, एवढंच मी सांगितलं.

१९३९ चा रुपया कुणी विकायला काढला तर कड बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. सहाव्या जॉर्जचा हा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून दुसऱ्या सालाचा आकडा कोरून ३९ करतात. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेला सुरक्षेची खाच आली. आकडा ३९ आणि कडेला ती खाच, असं असेल तर आकड्याला हात लागलाय. आणि यात्रा-जत्रांत मिळणारी, रामदरबार कोरलेली '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' अशी जी नाणी लाखांना विकायला काढतात, ती कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. देवघरात ठेवायला चांगली, त्यापलीकडं काही नाही.

लिलावात नाणं हातात येत नाही, म्हणून विक्रेत्याकडं कडेचा फोटो आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागायचा. खरा विक्रेता तासाभरात पाठवतो. 'फोटो नमुन्यादाखल आहे', 'वेळ नाही', 'बाहेर यूपीआयनं द्या, कमी करतो', यांतलं एक जरी वाक्य आलं तरी आपण उठायचं.

आता जे सांगायला मुळात बसलो ते सांगतो. खानापूर भागातल्या एका ओळखीच्या माणसानं असाच ३९ चा रुपया घेतला, घरी आल्यावर फसवणूक लक्षात आली. विक्रेत्यानं एका शब्दानं वाद न घालता पैसे परत केले आणि वाईट अभिप्राय तेवढा काढायला लावला. यानं काढला. सगळे म्हणाले, सुटलास. पुढच्याच महिन्यात तोच रुपया, राजाच्या गालावरच्या त्याच ओरखड्यासकट, परत लिलावात. कुणीतरी घेतलाही. अरुण, मला या गोष्टीचा फार त्रास होतो. पैसे परत मिळाले की आपण गप्प बसतो, आणि विक्रेता त्या गप्प बसण्याचीच किंमत मोजत असतो. नाणं त्याच्याकडं परत जातं आणि पुढच्याच्या गळ्यात पडतं. तो पुढचा म्हणजे गडांवर फिरून आलेला, खाऊचे पैसे साठवून महाराजांचं नाणं घेऊ बघणारा आपल्याच गावातला एखादा पोरगा असू शकतो. म्हणून पैसे परत घेण्याआधी तक्रार झाली पाहिजे.

तू विकत घेतलेलं नाहीस, तरी तक्रार करू शकतोस, आणि या होनाची करच. आधी पानाचे स्क्रीनशॉट घे: लिंक, लॉट नंबर, विक्रेत्याचं नाव, वर्णन, तिन्ही फोटो. तक्रार गेली की पान गायब होतं आणि हातात काही राहत नाही. मग लिलावाच्या पानावरच्या रिपोर्टमध्ये 'चोर', 'लुटारू' असलं काही न लिहिता फक्त दिसतं ते लिही: अमुक खूण या दुसऱ्या नाण्यावरही आहे, वजन इतकं हवं, इतकं दिलंय, दोन्ही फोटो जोडले आहेत. तपासणारा माणूस नाण्यांतला जाणकार नसतो, त्याला दोन फोटो शेजारी दिसले की काम सोपं होतं. ईबेवर तर प्रतिकृती नाणी, प्रतिकृती म्हणून सांगूनही, विकायला बंदी आहे, तिथं 'आम्ही कुठं अस्सल म्हणालो' ही पळवाट चालत नाही.

पुढं कधी घेतलंस आणि फसलास तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ आणि काट्यावरचं वजन, एवढं आधी करून ठेव. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, कारण पैसा पुढं सरकायच्या आत बँकेला अडवता आलं तर येतं. ग्राहक म्हणून दाद मागायला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. फसवणुकीची लेखी फिर्याद सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर आणि आर्थिक गुन्ह्यांच्या पोलिस ठाण्यात, देता येते, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम त्यासाठी आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून हवा असेल तर माझा भाचा लिहून देईल, पोच घेतल्याशिवाय मात्र उठायचं नाही.

तुझ्या मामांना वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याचे दहा लाख देतो म्हणून जो फोन आला, त्याचंही सांगून टाक. रिझर्व्ह बँकेच्या नावानं आधी 'कर' किंवा 'कमिशन' भरायला सांगतात. रिझर्व्ह बँक असली खरेदी-विक्री करत नाही आणि त्यासाठी पैसेही मागत नाही, २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिनं स्वतःच तसं जाहीर केलंय. मामांना एक रुपयाही पाठवू देऊ नकोस, आधी पाठवले असतील तर आजच १९३० लाव.

मी काल रात्रीच माझी तक्रार टाकली. तुझी वेगळी जाऊ दे, दोन माणसांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं की वजन पडतं. रविवारच्या आत झालं पाहिजे, बोली लावणारे आधीच सात-आठ जण दिसताहेत. केलीस की मला स्क्रीनशॉट पाठव. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊ, खरी नाणी डोळ्यांखालून घालणं तुला आता गरजेचं आहे.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत