पाच आठवडे अडकलेला काटा

कराड
१७ मे

प्रिय दिग्या,

काल वहिनींचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाल्या, पण आपल्यात लपवाछपवी कधी टिकली नाही, म्हणून सांगून टाकतो. तू जेवत नाहीस ही त्यांची तक्रार नव्हतीच. तक्रार अशी की भर मे महिन्यात तू पंखा बंद करायला लावतोस, पोरांवर उगाच खेकसतोस आणि रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलवर मटणाच्या रश्श्याचे व्हिडिओ बघत बसतोस. शेवटचं ऐकून आधी मी खो-खो हसलो. फोन ठेवल्यावर मात्र अमेरिकेतल्या मिनेसोटातली, उपाशी ठेवलेली ती ३६ पोरं आठवली आणि लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, पत्रात मध्येच तोंड घालता येणार नाही.

तुझं गाऱ्हाणं मला पाठ आहे. ९२ किलोवरून सात आठवड्यांत ८४, आणि मग पाच आठवडे काटा जागचा हलेना. रोज मोजून ८०० कॅलरी. म्हणजे शरीर उपासमारीला घाबरलं आणि मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचं इंधन जाळणं, बंद पडलं. यावर तुझा उपाय काय, तर आता ६०० वर यायचं! लेका, कमी खाल्ल्यानं बंद पडलं म्हणतोस आणि आणखी कमी खायला निघालास?

तर ती पोरं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात माणसं भुकेनं खंगली होती आणि त्यांना पुन्हा माणसात कसं आणायचं हे धड कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ३६ तरुण ठेवले. शस्त्र उचलायला नकार देणारे, पण या प्रयोगाला आपणहून आलेले. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळत. बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. तुझ्या जवळजवळ दुप्पट खात होते ते, हे ध्यानात ठेव.

सहा महिन्यांत त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्श्यानं उतरलं. नुसतं पडून राहिलं तरी शरीर जेवढं जाळतं, ते जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. नाडी मंदावली. ऐन उन्हाळ्यात थंडी वाजायची. हसरी पोरं कुढी झाली, ताटं चाटू लागली, आणि कित्येक जण पाककृतींची पुस्तकं कादंबरीसारखी वाचायला लागले. आता कळलं, तुझ्या रश्श्यावरून मला ती पोरं का आठवली ते?

तेव्हा मेटाबॉलिझम मंदावतं हे तुझं म्हणणं खोटं नाही. पण त्या ४० टक्क्यांतला मोठा भाग साधा होता: शरीरच लहान झालं, त्याला लागणारं इंधनही कमी झालं. दुचाकीला ट्रकएवढं इंधन कशाला लागेल? त्यापलीकडची जी खरी काटकसर, ती बरीच लहान. आणि ती काटकसर करतानाही वजन उतरतच राहिलं. उतरण्याचा वेग कमी होत गेला आणि काटा थांबल्यासारखा झाला तो शेवटी, अंगावर हाडं-कातडी उरल्यावर. तुझ्या पोटाकडे बघून मला ती वेळ आलेली दिसत नाही, राग मानू नकोस.

तू पाठवलेला तो वजन उतरवण्याच्या अमेरिकन टीव्ही स्पर्धेचा दाखला मी टाळणार नाही. केव्हिन हॉल या शास्त्रज्ञाच्या गटानं २०१६ साली छापलेला अभ्यास आहे तो. १४ स्पर्धकांनी ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवले, सहा वर्षांत त्यातले ४१ परत आले, आणि तरीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. आकडा भीतीदायक आहे, मान्य. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: सहा वर्षांनी ज्यांचं वजन जास्त उतरलेलं राहिलं होतं, त्यांच्यातच हे मंदावणं जास्त होतं. मंदावलं म्हणून वजन वाढलं, असा सरळ हिशेब तिथे निघत नाही.

आता तुझाच हिशेब घालू. ८४ किलो, वय ४८, खुर्चीतली नोकरी. ढोबळमानानं दिवसाचा खर्च २१०० धर. काटकसरीचे ३०० वजा कर, १८०० उरले. त्यातून तुझे ८०० गेले की रोजची तूट १०००. किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे पाच आठवड्यांत चार-साडेचार किलो जायलाच हवेत. काटा शून्य दाखवतो, याचा अर्थ दोनच: एक तर काटा काहीतरी झाकतोय, किंवा तू.

काटा झाकतो ते पाणी. पहिल्या दिवसांत यकृतातलं आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं आणि त्याच्यासोबतचं तिप्पट पाणीही जातं. त्यामुळे तुझ्या सुरुवातीच्या आठ किलोंतले एक-दोन चरबीचे नव्हतेच. पुढे उलटं होऊ शकतं. अर्धपोटी शरीर पाणी धरून ठेवतं. मिनेसोटाच्या पोरांचे घोटे सुजायचे, तेव्हा काट्यावरचा आकडा खऱ्या घटीपेक्षा कमी घट दाखवायचा. म्हणून कमरेला टेप लाव. पाच आठवडे पाण्याच्या नावावर खपत नाहीत, पण दोन खपतात.

उरलेले तुझ्या खात्यावर. चिडू नकोस, तुला खोटारडा म्हणत नाहीये. १९९२ साली छापलेल्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात अशाच लोकांना तपासलं होतं: १२०० पेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही म्हणणारे. समस्थानिकं (मूलद्रव्याचे जरा जड अणू) घातलेलं पाणी पाजून शरीराचा खरा खर्च मोजता येतो, तसा मोजला. मेटाबॉलिझम ठणठणीत निघालं. खाणं मात्र ते जवळजवळ निम्मंच सांगत होते. मुद्दाम नव्हे, मनापासून. तुझ्या वहीत शनिवारचा 'उपवास' शून्य लिहिलेला मी पाहिलाय. साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटासकट, शून्य? मूठभर शेंगदाणे १७० कॅलरी, फोडणीचं एक पळीभर तेल १२०, आणि ऑफिसातले चार चहा वहीत कधी आलेच नाहीत. म्हणतात ना, एकादशी अन् दुप्पट खाशी. शिवाय उपाशी माणूस हालचाल नकळत आवरतो. वहिनी सांगत होत्या, हल्ली रिमोटसुद्धा पोराला आणायला सांगतोस.

मी हे कुठल्या तोंडानं लिहितोय? २०१९ ची माझी काकडी-सूपची साधना आठव. ११ किलो उतरवले, गावभर मिरवलो, आणि लॉकडाऊनमध्ये १३ घरी आणले. तेव्हा जिना चढताना मांड्या थरथरायच्या. चरबीबरोबर स्नायूही गेले होते, आणि परत आली ती मुख्यतः चरबीच. आपल्या लोकांना हे जास्त महाग पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा २००४ साली छापलेला फोटो मी वर्गात दरवर्षी दाखवतो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! मुळात आपली स्नायूंची शिल्लक तुटपुंजी, त्यात उपाशी राहून ती मोडायची म्हणजे बियाणंच दळून खाल्ल्यासारखं.

८०० कॅलरीचं नावच काढू नये असंही नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहींना तीन ते पाच महिने ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवलं आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह मागे हटला. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं बदलून, ठरलेलं पोषण देऊन आणि नंतर जेवण हळूहळू परत आणून. तू बीपीची गोळी तशीच चालू ठेवून, कुणाला न विचारता हे करतोयस. झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. सोमवारी आधी डॉक्टरांकडे जा.

ते हो म्हणाले तर १५००-१६०० वर ये. दोन्ही जेवणांत मटकी, डाळ, अंडी, दही यातलं काहीतरी भरपूर घे, आठवड्यातून तीनदा वजन उचल, आणि रिमोट स्वतः आण. पहिल्या आठवड्यात काटा किलोभर वर जाईल. ते पाणी असेल, मला रात्री अकराला फोन करून बोंबलू नकोस.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा सोबत आणतो. तुझी वही आणि तेलाची बरणी ओट्यावर काढून ठेव, खिचडी आपण दोघं मिळून तोलू.

तुझा,
बापू