कॉपी बघून ये

कराड

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर 'बाबा, अकराच मिळाले' म्हणालीस आणि रडायलाच लागलीस. तुझी आई शंभरपैकी समजली आणि मटकन खाली बसली. ते वीसपैकी आहेत हे तिला समजावेपर्यंत तू फोन ठेवलासुद्धा.

मग मी हिशेब केला. तिकडे फ्रान्समध्ये दहाला पास. बाराला 'असे बियाँ', चौदाला 'बियाँ', सोळाला 'त्रे बियाँ'. म्हणजे बऱ्यापैकी, चांगलं, फार चांगलं. त्यांचं 'फार चांगलं' आपल्या ऐंशी टक्क्यांवर सुरू होतं. आपल्याकडे ऐंशीवाल्याच्या घरी शेजारी सांत्वनाला येतात.

सप्टेंबरात तू नावनोंदणीच्या रांगेत होतीस, तेव्हा मी तुमच्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या 'पाले युनिव्हर्सितेर' या जुन्या इमारतीसमोर उभा होतो. कपाळावर लॅटिन अक्षरं: विद्येसाठी आणि मायभूमीसाठी. मायभूमी कुठली, हे लिहिलेलं नाही. इमारत १८८४ची, जर्मन सम्राटाच्या काळातली. पहिलं महायुद्ध संपलं आणि स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे परत आलं. पाटी तीच राहिली. १९३९ साली पुन्हा युद्ध लागलं, तेव्हा अख्खं विद्यापीठ बिऱ्हाड उचलून मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला गेलं आणि तिथे वर्ग भरू लागले. २५ नोव्हेंबर १९४३ला जर्मनांनी तिथे वेढा घातला. ग्रीकचे प्राध्यापक पॉल कोलोंप यांना गोळी घातली, शंभरावर माणसं छळछावण्यांत गेली. आणि माझे लाडके इतिहासकार मार्क ब्लॉक! स्ट्रासबुर्गला सतरा वर्षं इतिहास शिकवला, १९२९ साली इतिहासकार फेव्र यांच्याबरोबर 'अनाल' हे इतिहासाचं नियतकालिक काढलं. १९४४च्या जूनमध्ये गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, त्यांना गोळ्या घातल्या. त्या पायऱ्यांवर बसून तू पोळीभाजी खात होतीस आणि मला घास गिळवेना. तुला वाटलं, प्रवासाचा शीण.

तुझ्या रसायनशास्त्राचं म्हणशील तर पाश्चर १८४९ ते १८५४ तिथेच शिकवत होते. आल्या आल्या रेक्टरच्या मुलीला मागणी घालून मोकळे. (हे पत्रात लिहू नका, असं आईचं म्हणणं.) तिथल्याच लेन यांना १९८७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्यांच्याच हाताखाली पीएचडी केलेल्या सोवाज यांना २०१६ साली.

आता कामाचं. निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळते, तिला तिकडे 'कॉपी' म्हणतात, असं तूच सांगितलं होतंस. तीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेला कॉपी पकडत हिंडलेल्या माणसाला मुलीला 'कॉपी बघून ये' म्हणायला जीभ रेटत नाही, पण बघून ये. सरांना विचार, गुण कुठे गेले. मला वाटतं, गणित बरोबर असेल. तू मांडणी न करता एकदम उत्तरावर उडी मारतेस, आठवीपासूनची सवय आहे तुझी.

मेतकूट आणि गोडा मसाला सोमवारी पाठवला. कॉपी बघितलीस की फोन कर. इथे मध्यरात्र झाली असली तरी चालेल, आई जागीच असते.

तुझा,
बाबा