एकाच नोंदवहीसाठी

प्रिय सुहास,

माझी तब्येत ठीक आहे, साखर ताब्यात आहे. पत्राचं कारण वेगळं आहे.

काल अखेर ती बैठक झाली. डोक्याला मार लागून येणाऱ्या पेशंटांची सगळ्या विभागांनी मिळून एकच नोंदवही ठेवावी, एवढाच माझा प्रस्ताव. इतकं मोठं हॉस्पिटल आमचं, पण न्यूरोसर्जरीचे कागद त्यांच्या कपाटात, आयसीयूचे आयसीयूत, फिजिओथेरपीची वही तिसरीकडेच. तो माणूस घरी गेल्यावर चालायला लागला का, कामावर गेला का, कुणाला पत्ता नाही. आणि बैठकीत वाद कशावर, तर पुढे निघणाऱ्या शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं! अरे, अजून एक पेशंट नोंदवलेला नाही!

मी जुने केसपेपर काढून समोर ठेवले. पेशंटची शुद्ध किती, याला एकानं नुसती गुणांची बेरीज ‘८’ लिहिलीय. दुसऱ्यानं डोळे, बोलणं, हालचाल असे तीन आकडे वेगवेगळे दिलेत. तिसऱ्यानं ‘गुंगीत’ म्हणून सही ठोकलीय. हे एकत्र कसं करायचं? आठ ही बेरीज किती तऱ्हांनी येते, आणि पुढचं सगळ्यांत जास्त सांगतो तो हालचालीचा आकडा. नेमका तोच बेरजेत बुडतो.

डोक्याला मार लागलेल्याला स्टेरॉइड द्यावं का, यावरचं मेसमधलं आपलं भांडण आठवतंय ना? ‘सूज उतरलेली डोळ्यांना दिसते’ म्हणून तू टेबल बडवायचास. २००४ साली नेमक्या याच प्रश्नावरच्या क्रॅश चाचणीचा निकाल आला. १०,००८ पेशंट, दोन आठवड्यांत स्टेरॉइडच्या गटातले २१.१ टक्के दगावले, स्टेरॉइड न दिलेल्या गटातले १७.९. एवढा फरक एका वॉर्डात जन्म काढला तरी कुणाच्या नजरेला येणार नाही, मग सर कितीही मोठे असोत. म्हणून तर सगळ्यांचे पेशंट एकत्र मोजायला हवेत. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं कोविडच्या पेशंटांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा काही महिन्यांत दाखवून दिला, कारण फॉर्म आटोपशीर होता आणि साधी हॉस्पिटलंही सामील झाली होती. ‘शेवटी स्टेरॉइडच जिंकलं’ हा तुझा मध्यरात्रीचा मेसेज मी अजून पुसलेला नाही.

पण खरी काळजी सांगतो. नोंदवही मंजूर झाली तरी ती भरणार कोण? रात्रभर ड्यूटी करून डोळे मिटत आलेला रेसिडेंट? आणि संमती? आत पोरगा बेशुद्ध, बाहेर बाप भिंतीला टेकून उभा. त्याला नोंदवहीची माहिती सांगायची ती पोरावर उपचार करणाऱ्यानंच? तो बाप नाही म्हणेल कसा? या कामासाठी वेगळी नर्स हवी, बसून बोलायला वेळ असलेली. यंत्राला पैसे लगेच मिळतात, या एका जागेसाठी मात्र फाइल टेबलाटेबलांवर फिरतेय. रात्री झोप लागत नाही ती यानं.

पोरीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तारीख कळव, येणारच.

तुमच्याकडे चार विभागांनी पेशंट घेण्याआधीच लेखकांची नावं ठरवून सह्या केल्या होत्या ना? तो कागद आणि तुमचा एकपानी फॉर्म लगेच पाठव. पुढच्या बैठकीत आधी तोच कागद सगळ्यांपुढे ठेवतो.

तुझा,
अविनाश