कॅमेऱ्याने ‘फॉरमॅट करा’ म्हटले तरी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने लागली की आम्हा छायाचित्रकारांचे दिवस सुरू होतात आणि पुढे ज्येष्ठापर्यंत उसंत मिळत नाही. या मोसमाच्या तोंडावर माझ्या व्यवसायबंधूंना आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्या कुटुंबांनाही एक गोष्ट कळकळीने सांगावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. विषय अगदी लहान दिसणारा आहे. टपाल तिकिटाएवढ्या मेमरी कार्डावर एका घराचा आयुष्यातून एकदाच येणारा दिवस साठवलेला असतो, आणि ऐन कार्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर कार्डाची एरर आली, तर पुढच्या एका मिनिटात आपण काय करतो यावर तो दिवस राहणार की जाणार हे बहुतेक वेळा ठरते.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात माझ्याकडूनच ही चूक झाली. सकाळी मुलीच्या घरी घाणा भरला, दुपारी हळद लागली, संध्याकाळी सीमांतपूजन सुरू असताना कॅमेरा अडला. कार्ड वाचता येत नाही, ते बदला किंवा फॉरमॅट करा (म्हणजे नव्याने कोरे करून घ्या), असा संदेश पडद्यावर आला. जवळ दुसरे कार्ड नव्हते, व्याही मंडळी पाटावर बसलेली होती, मदतनीस मुलाने ‘सर, फॉरमॅट मारू का?’ असे विचारले आणि मी होकार दिला. कॅमेरा लगेच सुरू झाला. त्या कार्डावर मी उरलेले पूजन आणि रात्रीची पंगत टिपली. घरी येऊन फोटो परत मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दिवसभरातले बरेचसे फोटो मिळाले, पण त्यांतला सर्वांत पहिला फोटो घाण्याच्या शेवटाचा होता: उखळ रिकामे झालेले, मुसळ भिंतीला टेकवून ठेवलेले, त्याला बांधलेली आंब्याची पाने किंचित सुकलेली. ओव्या म्हणणाऱ्या बायका आणि मुसळावरचे हात ज्या फोटोंत होते, ते सगळे कायमचे गेले. त्यांच्या जागेवर पंगतीचे फोटो बसले होते.

असे का झाले, हे समजून घेतले की बाकीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. कार्डावर फोटो एकीकडे असतात आणि कोणता फोटो कुठे आहे याची नोंद दुसरीकडे असते. तलाठ्याचे दप्तर जळाले म्हणून शेत जागचे हलत नाही. तसेच नोंदीचा तक्ता बिघडला तरी फोटो बहुधा जिथल्या तिथे असतात, फक्त कॅमेऱ्याला ते सापडत नाहीत. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये कॅमेरा जुने दप्तर टाकून कोरे दप्तर उघडतो आणि सगळी जमीन मोकळी आहे असे समजून पहिल्या गटापासून नवे वाटप सुरू करतो. म्हणून सकाळचे फोटो आधी जातात. (काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा वेगळा पर्याय असतो, त्यात जमीनही नांगरली जाते आणि मग काही परत मिळण्याची आशा धरू नये.) ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर जी फॅट ३२ पद्धत असते, तिच्यात या तक्त्याच्या सहसा दोन प्रती ठेवलेल्या असतात, त्याहून मोठ्या कार्डांवरच्या एक्सफॅट पद्धतीत सामान्यतः एकच असते. आज आपण सर्रास ६४ आणि १२८ जीबीची कार्डे वापरतो, तेव्हा ही एक प्रत किती जपायची आहे हे लक्षात यावे.

म्हणून एरर आल्यावर पहिले काम म्हणजे त्या कार्डावर काहीही लिहू न देणे. कॅमेरा बंद करावा, कार्डाचा दिवा विझला आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच कार्ड काढावे, कारण दिवा लागलेला असताना कार्ड ओढणे किंवा बॅटरीचे झाकण उघडणे हेच तक्ता बिघडण्याचे एक मोठे कारण आहे. मग दुसरे कार्ड घालून काम पुढे चालू ठेवावे. दुसरे कार्ड नीट चालले तर दोष बहुधा पहिल्या कार्डात आहे, आणि तेही चालले नाही तर कॅमेऱ्याच्या स्लॉटकडे, म्हणजे कार्ड बसते त्या खाचेकडे, संशयाने पाहावे. कॅननच्या कॅमेऱ्यांवर एरर ०२ हा आकडा कार्डासाठी आहे आणि एरर ०१ लेन्सच्या जोडणीसाठी. हे माहीत नसल्यामुळे लेन्स पुसत बसलेले आणि तेवढ्यात मंगलाष्टका हुकलेले लोक मी पाहिले आहेत. एसडी कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी सैल झाली असेल, तर कार्ड आत सरकवताना ती खाली ओढली जाते आणि कॅमेरा कार्ड लॉक असल्याचे सांगतो. अशा कार्डावरचे फोटो वाचता येतात. ते काढून घ्यावेत आणि कार्ड कामातून बाद करावे. पट्टीवर चिकटपट्टी लावून ते चालवत राहू नये, कारण ती स्लॉटच्या आत सुटली तर खर्च बराच मोठा असतो.

जुन्या कॅमेऱ्यांत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड असते आणि त्याच्या स्लॉटच्या तळाशी केसासारख्या बारीक ५० पिना दोन ओळींत उभ्या असतात. माझ्या अशा एका कॅमेऱ्यात कार्ड तिरके गेले आणि त्यातली एक पिन आडवी झाली. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर सरळ ओळीत एकच दात मोडल्यासारखा दिसत होता. मी जोर न लावता थांबलो म्हणून दुरुस्ती एका पिनेवर भागली. तसेच रेटले असते तर शेजारच्या पिनाही गेल्या असत्या. कार्ड सरळ आणि सहज जात नसेल, तर ते बाहेर काढून आत पाहावे.

घरी आल्यावर कार्ड रीडरमध्ये घातले की संगणकही आधी फॉरमॅट करण्याविषयीच विचारतो. तिथेही नकार द्यावा. डिस्क दुरुस्त करणारी आज्ञाही लगेच चालवू नये, कारण ती त्याच कार्डावर फेरफार करते. आधी रीडर आणि केबल बदलून पाहावी, मग संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि शोध त्या प्रतीवर करावा. फोटोरेक ही प्रणाली मोफत मिळते. ती नोंदीच्या तक्त्याकडे न पाहता प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधत जाते. फोटोंची मूळ नावे आणि फोल्डर त्यात जातात, लांबलचक व्हिडिओ तुकड्यांत विखुरलेला असेल तर तो नीट जुळत नाही, पण फोटो बऱ्याचदा हाती लागतात. कार्ड कोणत्याच यंत्राला दिसत नसेल, तर मात्र घरचे उपाय थांबवून ते जाणकाराकडे द्यावे.

खरेदीविषयी थोडेसेच लिहितो. स्वस्तात मिळणारी काही बनावट कार्डे खऱ्यापेक्षा मोठी क्षमता सांगतात आणि खरी जागा संपल्यावर पुढचे फोटो लिहिल्याचे केवळ दाखवतात. नवे कार्ड पक्क्या बिलावर घ्यावे आणि कार्यात नेण्यापूर्वी एच२टेस्टडब्ल्यूसारख्या प्रणालीने एकदा पूर्ण भरून तपासावे. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुतेकदा वाचण्याचा असतो. व्हिडिओसाठी व्ही३० किंवा व्ही६० ही खूण पाहावी, कारण सेकंदाला किमान ३० किंवा ६० एमबी लिहिले जाण्याची हमी त्या खुणेत असते.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची सोय अनेकांच्या हातातल्या कॅमेऱ्यात आधीच आहे, ती म्हणजे दोन स्लॉट. पण पुष्कळ ठिकाणी दुसरा स्लॉट पहिले कार्ड भरल्यावर पुढे चालू राहण्यासाठी लावलेला असतो, आणि मग तो असून नसल्यासारखा होतो. तो बॅकअपवर लावला, तर प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जातो. खर्च एका जादा कार्डाचा आहे. माझी कुटुंबांना विनंती आहे की, अल्बमची पाने आणि ड्रोनचे दर विचारताना ‘तुम्ही दोन कार्डांवर घेता का?’ हेही विचारावे. ग्राहक विचारू लागले की आमच्यातले आळशीही सुधारतील.

आमच्या छायाचित्रकार संघटनांच्या कार्यशाळा प्रकाशयोजना आणि पोझ यांवर होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. त्यांतला एक तास या विषयाला द्यावा, आणि मदतनीस मुलांना त्या तासाला आवर्जून बसवावे, कारण ऐन वेळी कार्ड त्यांच्याच हातात असते. सरावासाठी बिघडलेली आणि वाकड्या पट्टीची सात-आठ कार्डे मी जपून ठेवली आहेत. जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुका संघटनेने बोलावले, तर ती घेऊन मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
एक छायाचित्रकार, तासगाव