आर्मोररकाकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आर्मोरर म्हणजे बंदुकांची देखभाल-दुरुस्ती करणारे, एवढीच तुमची ओळख देतो; नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतो. आभार मात्र चारचौघांतच मानणार, तिथे तुमचं ऐकणार नाही.

पहिल्या महायुद्धावरच्या आमच्या छोट्या प्रदर्शनात फोटोंखाली ओळी लिहायच्या होत्या. आम्हा सगळ्यांच्या लेखी थ्री नॉट थ्री रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री, त्यातले प्रकार कुणाला ठाऊक! तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, "क्लिप, म्हणजे काडतुसं एकदम भरायची पट्टी, कुठून आत जाते, दिसतंय का?"

बोअर युद्धानंतर पायदळाची ३०.२ इंची नळीची रायफल आणि घोडदळाची आखूड रायफल, म्हणजे कार्बाइन, अशी दोन शस्त्रं सांभाळणं ब्रिटिशांना नको झालं, म्हणून २५.२ इंची नळीची एकच ली-एनफिल्ड निघाली, हे पुस्तकात मिळालं असतं. पण तिच्या पहिल्या आवृत्तीत, मार्क १ मध्ये, क्लिपच्या खाचेची डावी बाजू रायफलीच्या अंगावर आणि उजवी थेट बोल्टच्या (मागेपुढे सरकून काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) डोक्यावर, तीही सरकती, हे तुम्ही बोटाने दाखवलंत. दोन्ही बाजू समोरासमोर आल्याशिवाय पाच काडतुसांची क्लिप बसायची नाही. "थंडीत, गोळीबार चालू असताना करून बघ," म्हणालात. १९०७च्या मार्क ३ वर बोल्टच्या वरून आडवा पक्का पूल आला आणि ही कटकट मिटली. लोखंडाचा एवढासा तुकडा, पण मला विचाराल तर त्या रायफलीतली सगळ्यात शहाणी सुधारणा तीच.

कट-ऑफची, म्हणजे मॅगझिनमधून गोळी वर येणं अडवणारी, पट्टी ऐकून तर हसूच आलं. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या असूनही शिपायाने एकेक भरून झाडायची, बाकीच्या अडीअडचणीला राखायच्या! गोळ्या उधळतील ही वरिष्ठांची भीती. १९१६ साली कारखान्यांना वेग हवा होता, तेव्हा मार्क ३ स्टार या सोप्या केलेल्या आवृत्तीतून ही पट्टी गेली, आणि हजारो यार्डांवर सांघिक मारा करण्यासाठीचं डाव्या बाजूचं साइट, म्हणजे नेम धरायचं साधनही गेलं. खंदकात कुणाचं काही अडलं नाही.

जाता जाता काडतुसाच्या बुडावरची 'के एफ' खूण, म्हणजे आपल्या खडकीचा कारखाना, हेही सांगितलंत. त्यासाठी वेगळी चौकट करतोय.

प्रदर्शनाला याच. तिसऱ्या फोटोतली रायफल स्टार की बिनस्टार, यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे.

आपला नम्र,
फोटोवाला