धुके नव्हे, धुरके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात पहिल्याच पानावर मुंबईच्या सकाळचे मोठे छायाचित्र होते. संत्र्याच्या फोडीसारखा सूर्य, उड्डाणपुलाची पुसट कमान, मागे उंच इमारतींच्या नुसत्या सावल्या. खाली ओळ होती, ‘मुंबईने पांघरली धुक्याची दुलई’. छायाचित्र सुरेखच आहे, छायाचित्रकाराबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या ओळीबद्दल आहे. ते धुके नव्हे, धुरके होते, म्हणजे धुराने आणि धुळीने गढूळ झालेली हवा.

त्याच सकाळी मी जलरंगाचा कागद गॅलरीत वाळत ठेवला होता. आकाशाचा फिकट निळा हात दिलेला, बाकी काही नाही. चहा पिऊन येतो तो ओल्या रंगावर काळे बारीक ठिपके येऊन बसलेले. कोरड्या ब्रशच्या टोकाने एक उचलायला गेलो, तर त्याची रेघच ओढली गेली. धुक्याने कागद दमट होतो, काळा होत नाही.

खरे तर यात आम्हा चित्रकलावाल्यांचाही दोष आहे. तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवताना फ्रेंच चित्रकार क्लॉद मोनेची लंडनची चित्रे मुलांसमोर धरून मीही ‘बघा, धुके कसे रंगवले आहे’ असेच सांगत आलो. मोने १८९९ ते १९०१ या काळात तीनदा लंडनला जाऊन राहिला. मुक्काम टेम्स नदीकाठच्या सॅव्हॉय हॉटेलात. खिडकीतून एका बाजूला वॉटर्लू पूल आणि त्यामागे पलीकडच्या काठावरची कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला चेरिंग क्रॉसचा रेल्वेपूल. दुपारनंतर तो नदीपलीकडच्या सेंट टॉमस रुग्णालयातून पार्लमेंटची इमारत रंगवायचा. जवळजवळ शंभर कॅनव्हास त्याने हाती घेतले. त्यातले ३७ पॅरिसमध्ये १९०४ साली मांडले. जांभळा, गुलाबी, पिवळट हिरवा असा तो उजेड पाहून आपण आजही थबकतो.

पण हा उजेड कुठून येतो हे मोनेला पक्के ठाऊक होते. मार्च १९०० मध्ये त्याने बायकोला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. सकाळी उठून पाहतो तर धुक्याचा मागमूस नाही. आता सगळी चित्रे वाया जाणार म्हणून हा हवालदिल. मग हळूहळू घरोघरी शेगड्या पेटल्या, धूर आणि धुके परतले, आणि याच्या जिवात जीव आला. म्हणजे त्याचे ‘धुके’ लोकांच्या चुलीतून निघत होते! चुली पेटल्या नाहीत तर चित्र अडते, हे इतक्या सरळपणे लिहून ठेवणारा चित्रकार दुसरा माझ्या वाचनात नाही.

मोनेच्या आधी इंग्रज चित्रकार टर्नर. त्याच्या १८३९ च्या चित्रात जुन्या युद्धनौकेला धूर ओकणारी छोटी आगबोट ओढून नेते आहे, तर १८४४ च्या चित्रात पावसातून आगगाडी धावून येते आहे. या म्हाताऱ्याची नजर गेली म्हणून सगळे पुसट, असे लोक म्हणत. मोनेला तर उतारवयात खरोखरच मोतीबिंदू झाला होता, तेव्हा त्याच्याबद्दलही तेच बोलले जाते. २०२३ मध्ये पॅरिस आणि हार्वर्ड इथल्या दोन संशोधकांनी दोघांची मिळून जवळपास शंभर चित्रे तपासली. कडा किती ठळक, पांढुरकेपणा किती, हे मोजले आणि त्या त्या काळी हवेत सल्फर डायऑक्साइड किती असेल याच्या अंदाजाशी ताडून पाहिले. धूर वाढला तसतशा चित्रातल्या कडा विरघळत गेल्या. गंमत म्हणजे टर्नरच्या चित्रांत जवळच्या वस्तू स्पष्ट आहेत, पुसट होते ते लांबचे. मोतीबिंदू असता तर जवळचेही पुसट झाले असते. टर्नरच्या १८३० पूर्वीच्या चित्रांत साधारण २५ किलोमीटरवरचे दिसते, नंतरच्या चित्रांत १०, आणि मोनेच्या चेरिंग क्रॉसच्या चित्रांत जेमतेम एक, असा त्यांचा अंदाज आहे.

कारण सोपे आहे. दगडी कोळशात गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड होतो आणि हवेतल्या ओलाव्यात त्याचे अतिबारीक कण बनतात. हे कण उजेड चहूकडे विखुरतात. त्यामुळे लांबची वस्तू पांढुरकी होते आणि तिची कड हरवते. शैलीचा भाग वेगळा, तो मी नाकारत नाही.

लंडनकरांनी मात्र या प्रकाराला धुकेच म्हणायचे ठरवले होते, थोड्या अभिमानानेच. ‘स्मोक’ (धूर) आणि ‘फॉग’ (धुके) जोडून केलेला ‘स्मॉग’ हा शब्द एका डॉक्टरने १९०५ साली वापरला, तरी धुराला आळा घालणारा कायदा व्हायला १९५६ उजाडले. मध्ये १९५२ चा डिसेंबर येऊन गेला. वारा पडलेला, जमिनीलगत गार हवा, वर उबदार थराचे झाकण आणि खाली लाखो शेगड्या. ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस. नाट्यगृहात रंगमंच दिसेना म्हणून चालू ऑपेरा थांबवावा लागला. सरकारी हिशेबात चार हजार माणसे गेली. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. आणि त्या वेळी सरकारने बोट कुठे दाखवले? इन्फ्लुएन्झाकडे.

मुंबईत घरोघरी कोळशाच्या शेगड्या नाहीत. पण थंडीतले ते झाकण इथेही बसते. वारे मंदावले की बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, कारखाने, जाळलेला कचरा, बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्या, सगळे त्याखाली कोंडते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन याची दखल घेतली, ती दुलईची नक्कीच नव्हे.

इंग्रजांना नवा शब्द घडवावा लागला. मराठीत ‘धुरके’ आयता आहे, आपल्याच अंकाच्या आतल्या पानांवर तो मी वाचला आहे. पहिल्या पानावरच त्याचे वावडे का? अशा छायाचित्राखाली ‘धुरके’ लिहावे आणि जवळच्या हवा-तपासणी केंद्रावर त्या सकाळी नोंदला गेलेला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक लहान टायपात का होईना छापावा, एवढीच विनंती. आंबोलीच्या नाहीतर माळशेजच्या खऱ्या धुक्याचे चित्र आले, की दुलई, शाल, चादर, हवे ते पांघरा.

– एक वाचक (निवृत्त चित्रकला शिक्षक), मुंबई